शेतकरी बाजार आणि बदलता सीझन: रिकाम्या पिशवीपासून भरलेल्या फ्रीजपर्यंत

सुरुवातीलाच सांगतो, शेतकरी बाजारात लिस्ट घेऊन जाऊ नका. मी पहिलं वर्षभर घेऊन जायचो. एकदा डोक्यात टोमॅटोचं सूप होतं आणि अख्ख्या बाजारात टोमॅटो औषधालाही नाही, दोन-चार स्टॉलवर विचारलं, तोंड वाकडं केलं, शेवटी एका काकांनी सरळ सांगितलं, "अहो मध्ये ती उन्हाची लाट आली होती ना, तेव्हा फुलं गळाली सगळी, आता कुठनं येणार टोमॅटो?" ती लाट येऊन दीड महिना झाला होता, मी तर विसरूनही गेलो होतो. पण झाडं विसरली नव्हती.

तेव्हा डोक्यात जे बसलं त्यावरच हा सगळा लेख आहे. बाजारात आज जे दिसतं ते आजचं हवामान नसतं, मागचं असतं. किती मागचं ते भाजीवर अवलंबून. छोटा गोल मुळा पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांत तयार होतो, म्हणजे त्या मुळ्यात गेल्या महिन्याचं हवामान. पालक साधारण दीड महिना घेतो. टोमॅटोचं फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. कांदा-लसूण तर कित्येक महिन्यांचा हिशोब. त्यामुळे बाहेर मस्त गारवा सुटला म्हणून थंडीच्या भाज्या लगेच बाजारात हजर, असं होत नाही, आणि हे एकदा पटलं ना की बाजारात चिडचिड होत नाही, उलट मजा यायला लागते.

आधी एक गोष्ट समजून घ्या: प्रत्येक भाजीची तीन वयं असतात

सीझन म्हणजे एखाद्या तारखेला सुरू आणि एखाद्या तारखेला बंद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक मालाचा आधी पहिला तोडा येतो, मग भर येतो, मग उतरता माल. तिन्हींची खरेदी वेगळी करायची, इथेच बहुतेक लोक गडबडतात.

पहिला माल थोडा असतो, कोवळा असतो, भाव चढा असतो. तो मूठभर घ्यायचा आणि काही न करता खायचा. कच्चा, नाहीतर नुसता वाफवून, वर मीठ, बास. पहिल्या मटारांची ग्रेव्हीवाली भाजी करणं म्हणजे वाया घालवणं असं माझं स्पष्ट मत आहे, भांडा माझ्याशी.

भराचा माल म्हणजे जेव्हा चार स्टॉलपैकी तिघांकडे तीच भाजी ढिगाने दिसते. चव सगळ्यात चांगली तेव्हाच, भाव सगळ्यात कमी तेव्हाच. साठवायचं, फ्रीजरला टाकायचं, किलोंनी घ्यायचं ते याच दोन-तीन आठवड्यांत.

उतरता माल वाकडातिकडा असतो, थोडा जून असतो, काकड्या जाड बियांच्या, शेंगा निबर. लोक नाक मुरडून पुढे जातात. पण शिजवण्याच्या गोष्टींना तो चालतो, आणि तो संपला की पुढचे कित्येक महिने दिसणार नाही हे माहीत असलं की त्याची किंमत कळते.

आणि या तिन्हींची सरमिसळ जेव्हा होते, म्हणजे एका सीझनचा उतरता माल आणि दुसऱ्याचा पहिला माल शेजारी-शेजारी, ते सांध्याचे दोन-तीन आठवडे माझ्या मते वर्षातले बेस्ट. लोक भराच्या दिवसांत गर्दी करतात, मी सांध्यावर एकही आठवडा चुकवत नाही.

पायरी १: निघायच्या आधी

फार काही लागत नाही. दोन मजबूत कापडी पिशव्या, एक पसरट टोपली किंवा खोका (पिकलेली फळं पिशवीत तळाशी गेली की घरी जॅमच पोचतो), सुटे पैसे, आणि पालेभाजीसाठी एक सुती फडकं, ओलं करून घट्ट पिळलेलं. ऊन कडक असेल तर थर्मलची पिशवी नाहीतर जाड टॉवेल. दूध, चीज, अंडी, मासे असलं काही घेणार असाल तर थर्मलची पिशवी आणि बर्फाचे पॅक मस्ट आहेत, असे पदार्थ नेहमीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवायचे नसतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

घरातून निघताना फ्रीज उघडून बघा. लिस्ट करू नका म्हटलं ते काय आणायचं याची, पण काय आणायचं नाही याची जरूर करा. मी तीन आठवडे ओळीने कोबी आणला होता, कारण प्रत्येक वेळी इतका सुंदर दिसत होता.

वेळेचं म्हणाल तर लवकर गेलात तर निवड चांगली मिळते, पालेभाजी टवटवीत मिळते. पालेभाजीच्या वजनातलं जेमतेम ३ ते ५ टक्के पाणी उडालं तरी ती मान टाकायला लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाल्यासाठी सकाळीच. कांदे, बटाटे, भोपळा, सफरचंद असला टिकाऊ माल आणि साठवणीचा ढीग घ्यायचा असेल तर बाजार उठायच्या अर्धा तास आधी जा, उरलेला माल परत न्यायचा कुणालाच उत्साह नसतो. दोन्ही हवं असेल तर? तर दोनदा जा, किंवा एकाला सोडा. एकाच फेरीत सगळं साधायला गेलं की दोन्ही अर्धवट होतं.

पायरी २: पहिली फेरी हात खिशात घालून

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कठीण. पहिल्या स्टॉलवर लालबुंद काहीतरी दिसतं आणि हात जातोच. नाही. आधी पूर्ण चक्कर मारायची, काहीही न घेता, आणि बघायचं. कुठली भाजी किती जणांकडे आहे? एकाकडेच आहे म्हणजे पहिला माल किंवा उतरता, सगळ्यांकडे आहे म्हणजे भर. गेल्या वेळी होतं आणि आज गायब झालंय असं काय आहे? नवीन काय आलंय?

याच फेरीत स्वतः पिकवणारा कोण आणि मोठ्या बाजारातून आणून विकणारा कोण हेही बऱ्यापैकी कळतं. पिकवणाऱ्याकडे सहसा मोजकेच प्रकार असतात आणि ते एकाच सीझनचे असतात, आकार कमी-जास्त असतात, मातीचे अवशेष असतात. एकाच टेबलावर थंडीतली, कडक उन्हातली आणि भलत्याच हवामानातली फळं एका साइजची, एका रंगाची, वर कंपनीचे स्टिकर असं दिसलं तर समजून जा. आणून विकणं हा काही गुन्हा नाही, पण मग तो माल कधी तोडला हे त्यालाही माहीत नसतं, आणि आपण इथे त्याच्यासाठीच तर आलोय. ग्रीनहाऊसवाल्यांचा मात्र अपवाद धरा, त्यांच्याकडे सीझनच्या आधी माल असू शकतो, विचारलं की ते अभिमानाने सांगतात.

पायरी ३: विचारा, पण नीट विचारा

"ताजं आहे का?" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. आजपर्यंत कुणी "नाही, शिळं आहे" म्हणालंय का?

त्याऐवजी "कधी तोडलंय?" विचारा. आज पहाटे, काल संध्याकाळी, असं पटकन उत्तर आलं तर छान. मग "अजून किती आठवडे येईल?" या एका प्रश्नाने तुमचं पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग होतं, कारण कुठल्या मालाला भर यायचाय आणि कुठला आटोपत आलाय हे त्यांना झाडं बघून माहीत असतं. मग "तुम्ही घरी कसं करता?", या प्रश्नावर मला आजवर जितकं खायला सुचलंय तितकं कुठल्या व्हिडिओवर नाही सुचलं.

फवारणीबद्दल विचारायचं असेल तर "ऑरगॅनिक आहे का?" ला हो-नाही येतं आणि विषय संपतो. "कीड पडली की काय करता?" असं विचारा. जो खरंच लक्ष घालतो तो सविस्तर बोलतो, काय वापरतो, कधी थांबवतो, तोडणीच्या किती दिवस आधी. सर्टिफिकेट असेल तर ते दाखवतीलच. आणि पानाला एखादं भोक असणं म्हणजे औषध मारलंच नाही असा पुरावा नाही हां, तो एक गोड गैरसमज आहे.

मागे लाइन लागली असेल तर मात्र गप्पा आवरा, पैसे द्या, हला.

घासाघिशीबद्दल माझं वैयक्तिक मत, एका जुडीसाठी करू नये. दहा किलो घेताना "एवढं घेतो, काय लावाल?" हे मात्र बिनधास्त विचारा, तो व्यवहार आहे. "डागी माल आहे का?" हेही विचारा, फुटके-डागाळलेले टोमॅटो सॉससाठी वेगळे काढलेले असतात आणि टेबलाखाली पडून असतात, मागितल्याशिवाय दिसत नाहीत.

पायरी ४: निवडायचं कसं, हवामान बदलेल तसं

मी मुद्दाम महिने लिहीत नाही, कारण तुमचा सीझन माझ्या कॅलेंडरवर चालत नाही. हवा बघा.

*थंडी सरतेय, दिवस मोठे व्हायला लागलेत.* कोवळा पाला, पातीचा कांदा, मुळे, मटार, स्ट्रॉबेरी यांचा काळ. मटाराच्या बाबतीत एकच नियम, आणलेल्या दिवशी खा. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्चमध्ये रूपांतर व्हायला सुरुवात होते आणि उबेत ते झपाट्याने होतं. शेंग चकचकीत हवी, दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की कुरकुर आवाज यायला हवा, आणि फार फुगलेल्या शेंगा टाळा, आत दाणे जून झालेले असतात. शक्य असेल तर एक फोडून चाखा (विचारून!).

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे गोड होत नाही. रंग थोडा गडद होतो, मऊ पडते, पण गोडी तोडताना होती तेवढीच. म्हणून देठापाशी पांढरा पट्टा असलेली घरी पिकेल या आशेवर घेऊ नका. आणि डबा उचलून खालून बघा, तळाला रस सुटला असेल तर खालचा थर गेला. द्राक्षं, चेरी, संत्री-लिंबं, अननस, डाळिंब, कलिंगड यांचंही तेच, तोडली तेव्हा जशी असतील तशीच. याउलट केळी, आंबा, पेअर, पीच, पपई, टोमॅटो हे घरी पिकतात, हे थोडे कच्चे घेतले तरी चालतात. ही एक यादी पाठ असली तरी अर्धं काम होतं.

ऊन वाढत गेलं की पालक, कोथिंबीर, सॅलडची पानं यांना फुलाचा दांडा फुटायला लागतो. जुडीच्या मधोमध जाड, उंच दांडा दिसला की पानं कडवट लागणार हे नक्की. मुळाही तापायला लागला की तिखट आणि आतून भेंडाळ होतो, दाबून बघा, दबला तर ठेवून द्या.

*भर उन्हाळा.* टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी, मका, खरबूज, कलिंगड. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा लांबण लावतो.

टोमॅटो रंगावर नाही, वजनावर आणि वासावर घ्यायचा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटला पाहिजे आणि देठापाशी नाक नेलं की पानाचा हिरवट वास आला पाहिजे. खांद्याशी तडे गेलेले असतील तर कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालंय, सालीच्या आत पाणी भरतं आणि साल फाटते, चवीला काही वाईट नसतात पण त्याच दिवशी वापरा. आणि सुरुवातीचा तो माझा सुपाचा प्रसंग, त्याचं कारण असं की दिवसा पारा ३२-३५ च्या वर राहिला किंवा रात्री १३ च्या खाली गेला तर टोमॅटोचं फूल फळ न धरता गळतं. म्हणजे कडक लाट आली की फोनमध्ये दीड-दोन महिने पुढची नोंद टाकून ठेवा, तेव्हा टोमॅटो कमी असणार. मी हे करतो आणि बहुतेक वेळा बरोबर येतं, घरचे आता मला हवामान खातं म्हणतात.

मक्याचं कणीस सोलून बघू नका प्लीज, विकणाऱ्याचा जीव खाली-वर होतो आणि तुम्ही नाही घेतलं तर ते सुकतं. वरचे केस तपकिरी आणि जरासे चिकट, पण साल हिरवीगार आणि ओलसर, एवढं पुरे. बाहेरूनच बोटाने दाबत टोकापर्यंत गेलं की दाणे भरलेत का ते कळतं. जुन्या जातीचं गोड कणीस गरम हवेत एका दिवसात निम्मी साखर घालवू शकतं, नव्या जास्त गोड जाती जरा दम धरतात, तरी घरी नेल्यावर पटकन फ्रीजमध्ये.

काकडी आणि दुधीच्या कुळातल्या भाज्या उन्हाचा-पाण्याचा ताण बसला की कडू होऊ शकतात. काकडीचं टोक कडू असेल तर कापून टाका, उरलेली चाखा. पण दुधी किंवा झुकिनी कडूजहर लागली तर हळहळ न करता अख्खी फेकून द्या, तो कडूपणा शिजवून जात नाही आणि माणूस त्याने आजारी पडू शकतो. वांगं चकचकीत आणि हलकं हवं, दाबल्यावर परत वर येणारं. जड वांगं म्हणजे आत बिया. भेंडीचं टोक मोडून बघायची सवय सगळ्यांना असते पण पूर्ण ढीग मोडून ठेवू नका, एक मोडा, अंदाज घ्या.

कलिंगडाला टिचक्या मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्याहून सोपं म्हणजे ते उलटं करा, जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा हवा, पांढरा असेल तर घाईने तोडलंय. खरबुजाचा वास देठाच्या बाजूला येतो आणि जाळीदार जातीचं खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटतं, त्यामुळे तिथे स्वच्छ गोल खळगा दिसतो. देठाचा तुकडा कापलेला असेल तर शंका घ्या.

*पाऊस लागला.* आता थोडं आणि वरचेवर घ्यायचं. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी तोडलेली फळं पाणचट लागतात, गोडी पातळ झालेली असते आणि सडतातही लवकर. पाल्यावर चिखल उडालेला असतो, जुडी सोडून मधली पानं बघा, एक जरी बुळबुळीत असलं तरी उद्यापर्यंत शेजारची चार जातात. पाला घरी नेऊन मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवायचा, माती खाली बसू द्यायची, पाला वरून उचलून घ्यायचा. पाणी ओतून काढायचं नाही, ओतलं की माती परत पाल्यावर. या दिवसांत बाजार अर्धा रिकामा असतो आणि जे भिजत येऊन बसलेत त्यांच्याकडून काहीतरी घ्याच असं माझं म्हणणं आहे, भलेही चार कांदे.

*हवा गार व्हायला लागली.* हा साठवणीचा सीझन. भोपळे, बटाटे, कांदे, लसूण, सफरचंद. लाल-पिवळ्या भोपळ्याच्या सालीत नख रुतता कामा नये आणि देठ शाबूत हवा, देठ तुटला की तिथूनच सडतो. कांदा-लसूण घेताना मान बघा, कोरडी आणि घट्ट मिटलेली हवी. मान ओली-जाड असेल तर तो नीट वाळवलेला नाही, आत्ता खायला ठीक, ठेवायला नाही. नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्याने निघते, तो आठवड्यात संपवा. हिरवट झालेला बटाटा कुणी कितीही स्वस्त दिला तरी नको, उजेडात पडल्याने तो हिरवा होतो आणि त्यासोबत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असू शकतात.

याच सांध्यावर हिरव्या टोमॅटोंचे ढीग येतात, थंडी पडायच्या आत वेल रिकामे करतात ना. पूर्ण वाढलेले, जरा फिकट पडलेले निवडा आणि कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा, हळूहळू लाल होतात. वेलावर पिकलेल्याची सर येत नाही, पण टोमॅटो संपलेल्या आठवड्यात कोण तक्रार करतंय.

*कडाक्याची थंडी.* बाजार दिसायला उदास, पण गाजर आणि कोबी घेऊन बघा. दहिवर पडायला लागलं की ही झाडं गोठण्यापासून वाचायला स्वतःतली साखर वाढवतात, म्हणून पहिल्या गारठ्यानंतरचं गाजर आधीच्या गाजरापेक्षा गोड. अंडी कमी दिसतील, कोंबड्यांना भरपूर अंडी घालायला रोज साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो आणि दिवस लहान झाले की त्या हात आखडता घेतात, त्यामुळे अंडीवाल्या ताईंवर रागावू नका. मध गोठलेला दिसला तर चांगलाच आहे, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सैल होतो. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, कितीही शुद्ध असला तरी.

पायरी ५: घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

पिशवी ओट्यावर टाकून सोफ्यावर आडवं व्हायचं नाही. मला माहितीय, मीही तेच करायचो, आणि संध्याकाळपर्यंत पाला गेलेला असायचा.

सगळ्यात आधी गाजर, बीट, मुळे यांचा पाला कापून वेगळा करा, तो राहिला तर मुळातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर दोन दिवसांत लुळं पडतं. बीटचा आणि मुळ्याचा पाला टाकू नका, त्याची भाजी होते. मग पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. कोथिंबीर पाण्याच्या ग्लासात देठ बुडवून, वर सैल पिशवी, फ्रीजमध्ये, आठवडाभर आरामात. स्ट्रॉबेरी धुवायची नाही, खाताना धुवायची.

फ्रीजमध्ये काय नाही? टोमॅटो पिकेपर्यंत नाही, १२ अंशांच्या खाली त्याचा वास बसतो आणि बाहेर काढून पूर्ण परत येत नाही. बटाटा नाही, ४ अंशांच्या आसपास त्यातल्या स्टार्चची साखर होते, तळला की काळपट होतो. अख्खा भोपळा, कांदा, लसूण नाही. काकडी, वांगं, भेंडी ठेवा पण फ्रीजच्या सगळ्यात कमी थंड भागात आणि दोन-तीन दिवसांत संपवा, १० अंशांच्या खाली जास्त दिवस राहिली की डाग पडतात, पाणी सुटतं.

आणि कोण कुणाशेजारी बसणार हेही ठरवा. सफरचंद, केळी, पेअर, पिकलेले टोमॅटो हे इथिलीन नावाचा वायू सोडतात, तो फळं पिकवतो पण पाल्याला पिवळा पाडतो आणि गाजर कडू करतो. म्हणून फळांचा ड्रॉवर वेगळा. कांदा-बटाट्याची एकच टोपली घरोघरी असते, पण दोघं वेगळे ठेवा, दोघांनाही अंधार आणि खेळती हवा हवी, एकत्र मात्र एकमेकांना बिघडवतात.

पायरी ६: भराच्या आठवड्यात थोडं पुढच्यासाठी

एकदा उत्साहात मी दहा किलो टोमॅटो आणले आणि "रविवारी करू" म्हणून ठेवले. रविवारपर्यंत चिलटांनी पार्टी केली. तेव्हापासून नियम, जेवढं आज आणि उद्या मिळून हातावेगळं होईल तेवढंच आणायचं.

फ्रीजर हा सगळ्यात सोपा रस्ता. भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढायच्या: मटार दीड मिनिट, फरसबी ३ मिनिटं, पालक २ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून पुसून पिशवीत. हे टाळलं तर फ्रीजरमध्येही भाजीतले एन्झाइम काम करत राहतात आणि दोन महिन्यांनी गवतासारखी चव येते. बेरी मात्र कोरड्या करून ताटात सुट्या पसरून गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे दगड होत नाही. टोमॅटो तर अख्खेच गोठवले तरी चालतात, नळाखाली धरले की साल निघून येते. पिशवीवर तारीख घाला. आपल्याला आठवेल असं वाटतं, नाही आठवत.

एक गंभीर सूचना. भाज्या नुसत्या पाण्यात उकळून हवाबंद बाटलीत भरून बाहेर ठेवायचे प्रयोग करू नका. बीन्स, मका, बीट असल्या कमी आंबट भाज्यांना प्रेशर लागतं, साधारण १२१ अंशांपर्यंत, नाहीतर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू जिवंत राहतात, आणि ते नुसत्या वासा-दिसण्यावरून कळत नाही. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं हाही तोच प्रकार.

पायरी ७: वही

एक छोटी वही नाहीतर फोनमधली नोट. प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी, जास्त नाही: आज नवीन काय दिसलं, काय संपलं, हवा कशी होती, कुणाकडचं काय चांगलं निघालं, घरी काय सडलं. शेवटचं प्रामाणिकपणे लिहा. पहिल्या वर्षी हे निरर्थक वाटतं, दुसऱ्या वर्षी तीच पानं उघडून बसलं की कळतं, अरे मटार पुढच्या आठवड्यात यायला हवेत, आणि बाजारात शिरल्यावर नजर आपोआप तिथे जाते.

मुलं असतील तर वही त्यांच्याकडे द्या. आमच्या घरातलं अक्षर वाचता येत नाही, पण गेल्या आठवड्याच्या नोंदीत एवढं लागतं: "हिरवे टोमॅटो शेवटचे. काका म्हणाले आता नाही. बाबांनी परत कोबी घेतला."